नळीवरचे नाव आणि न बसणारी पिन: जुन्या बारा बोअर दुनाळीची खरी ओळख कशी पटवावी

उजव्या नळीचा चाप ओढला की आत घोडा पडल्याचा आवाज येतो, काडतुसाच्या टोपीवर जेमतेम टिंबाएवढा खळगा उमटतो आणि बार होत नाही. डावी नळी मात्र व्यवस्थित चालते. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर वडिलोपार्जित बारा बोअर दुनाळी बाळगणाऱ्या कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या कुटुंबांना ही तक्रार नवी नाही. तिच्यावरचा नेहमीचा उपाय असा, की नळ्यांच्या मधल्या पट्टीवर जे नाव कोरलेले असते ते कागदावर उतरवून घ्यायचे, त्या नावाची फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर आदळून बार उडवणारी खिळी, शोधत दुकाने पालथी घालायची, ती मिळाली नाही की तशीच दिसणारी दुसरी मिळवायची आणि ती कानशीने घासून बसवून घ्यायची. त्यावर एक हंगाम निघतो आणि पुढच्या वर्षी भात पसवायच्या वेळेला तोच बिघाड पुन्हा समोर येतो. आमच्या घरच्या बंदुकीत अकरा वर्षांत हे तीनदा घडले. तिसऱ्या खेपेला एका जाणत्या कारागिराने नळ्या उतरवून त्यांची खालची बाजू माझ्यापुढे धरली, तेव्हा कळले की आम्ही सुरुवातीपासून चुकीच्या नावाने भाग शोधत होतो आणि मूळ बिघाड पिनेत नव्हताच.

पुढचे सर्व लिहिण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. बंदूक हातात घेतली की प्रथम ती उघडावी, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, आणि काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत. दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणजे बंदूक बाळगण्याचा परवाना आपल्या नावावर असला तरी गावातल्या लेथवाल्याकडून पिन करून घेणे कायद्यात बसत नाही. पुसणे, तेल देणे, नळ्या उतरवून पाहणे, खुणा टिपणे आणि मोजमापे घेणे एवढे मालकाने करावे; भाग घडवणे आणि बसवणे हे दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचे काम आहे. मालकाने आपल्या वाट्याचे काम नीट केले तर कारागिराचे निम्मे कष्ट वाचतात, हा माझा अनुभव आहे.

कोरलेले नाव कोणाचे असते

आपल्याकडच्या जुन्या दुनाळ्यांवरचे नाव बहुतेक वेळा घडवणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते. कलकत्त्याच्या आर. बी. रॉडा, मँटन, लायन अँड लायन अशा पेढ्यांची नावे असलेल्या बंदुका देशभर पसरलेल्या आहेत. मुंबईत काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत ज्या विलायती भांडाराच्या नावाने ओळखली जाते, त्या भांडारातूनही बंदुका विकल्या जात. या विक्रेत्यांच्या बऱ्याचशा बंदुका प्रत्यक्षात बर्मिंगहॅममध्ये घडत आणि पट्टीवर विक्रेत्याचे नाव कोरून जहाजात चढत. १८९७ मध्ये तीन जुन्या कारखान्यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिलेली वेब्ली अँड स्कॉट ही कंपनी स्वतःच्या नावाने बंदुका विकत असे, तशीच दुसऱ्यांच्या नावानेही पुष्कळ बंदुका घडवून देत असे.

स्वस्तातल्या बंदुकांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. बेल्जियममधील लीज शहर आणि आसपासची गावे तेव्हा जगभर बंदुका पुरवत होती. तिथून येणाऱ्या मालावर मागणीप्रमाणे कोणतेही नाव कोरले जाई, कधी इंग्रजी वळणाचे कल्पित नाव, तर कधी वेस्टली रिचर्ड्ससारख्या नावाजलेल्या निर्मात्याशी साम्य साधणारे नुसते ‘रिचर्ड्स’. अशा नावाचा कारखाना शोधत बसणे म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या घराचा पत्ता विचारत फिरणे होय.

आणखी एक नाव हमखास फसवते. नळीवर ‘कॉकरिल’ असे ठसठशीत लिहिलेले असते आणि घरातले सगळे पिढ्यानपिढ्या ‘आमची कॉकरिल बंदूक’ म्हणत असतात. कॉकरिल हा लीजजवळच्या सेराँ येथील पोलादाचा कारखाना होता. ते नाव नळीच्या पोलादाचे आहे, बंदुकीचे नव्हे. निरनिराळ्या निर्मात्यांनी ते पोलाद वापरले, त्यामुळे ‘कॉकरिलची पिन’ मागणे म्हणजे टाटाच्या पत्र्यापासून केलेल्या कपाटाची किल्ली टाटांकडे मागण्यासारखे आहे. आम्ही पहिल्या खेपेला नेमके हेच केले होते.

नळ्या उतरवल्यावर काय पाहावे

खरी ओळख नळ्यांच्या खालच्या बाजूला असते. नळीखालचे लाकूड काढावे, वरची कळ दाबून बंदूक मोडावी, म्हणजे बिजागरीवर उघडावी, आणि नळ्या बिजागरीतून उचलून वेगळ्या कराव्यात. नळ्यांचा मागचा, खालून सपाट असलेला भाग आणि तो ज्यावर टेकतो तो पेटीचा (खटक्याची यंत्रणा असलेल्या लोखंडी भागाचा) सपाट भाग, या दोन्ही ठिकाणी चाचणीगृहाचे, म्हणजे बाराचा दाब नळ्या सोसतात का हे तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. बहुतेक बंदुकांत त्यांच्यावर काळपट तेलाची पुटे चढलेली असतात. ती रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने आणि जुन्या सुती कापडाने काढावीत. पॉलिशपेपर किंवा तारेचा ब्रश कदापि लावू नये, कारण हे ठसे उथळ असतात आणि एकदा झिजले की परत येत नाहीत. शिवाय बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह पुसणे हा कलम ८ खाली गुन्हा आहे. चकचकीत करण्याच्या उत्साहात तो आपल्या हातून घडू नये. स्वच्छ झाल्यावर पांढरी टाल्कम पावडर बोटाने चोळून वरचे पुसून घेतले की खळग्यांत पावडर उरते आणि अक्षरे उठून दिसतात. खिडकीचा उजेड आडवा पडेल असे धरून छायाचित्र घ्यावे. समोरून झगझगीत दिवा मारला तर काहीच दिसत नाही.

आता ठशांचा अर्थ. अंडाकृती चौकटीत रोमन लिपीतील ई, एल, जी ही तीन अक्षरे आणि त्यांच्या खाली एक तारा दिसला, तर बंदूक लीजच्या चाचणीगृहातून गेलेली आहे, मग वर कोणतेही नाव असो. त्या अंडाकृतीवर मुकुट असेल तर ठसा १८९३ नंतरचा. मुकुट नसेल तर त्याआधीचा. शेजारी पायऱ्यांवर उभ्या असलेल्या खांबासारखे जे चित्र असते तो लीज शहरातील पेरों हा स्मारकस्तंभ. एकेका अक्षराच्या डोक्यावर छोटा तारा असलेला ठसा तपासनिसाचा असतो, त्याचा निर्मात्याशी संबंध नाही. सिंहाच्या आकृतीखाली पी, व्ही ही अक्षरे असतील तर त्या नळ्या धूरविरहित, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या, दारूसाठी तपासलेल्या आहेत. १९२२ पासून लीजच्या चाचणीगृहाने वर्षासाठीही अक्षर वापरायला सुरुवात केली, त्यामुळे त्यानंतरच्या बंदुकीचे वर्षसुद्धा काढता येते.

बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. तिथल्या १९०४ पूर्वीच्या बंदुकांवर एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांवर मुकुट अशी खूण असते; १९०४ पासून मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि धूरविरहित दारूची चाचणी झाली असेल तर एन.पी. अशी अक्षरे आढळतात. बोअरचा आकडाही तिथेच असतो. तो १२ ऐवजी १३ दिसला तर घाबरू नये. तो नळीच्या आतल्या पोकळीचा आकडा आहे आणि बारा बोअरचे काडतूस घेणाऱ्या पण थोड्या घट्ट नळीवरही तो येतो. चेंबरचे, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाचे, माप शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि सी असे वेगळे दिलेले असते. १९५४ नंतरच्या बंदुकांवर पोकळीचे माप इंचाच्या दशांशात, म्हणजे .७२९ असे, आणि चेंबरची लांबी व दाबाचा आकडाही मिळतो.

एक ठसा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण एका फटक्यात तो सगळा घोळ मिटवतो. १९२५ ते १९५५ या काळात इंग्लंडबाहेर घडलेली बंदूक तिथल्या चाचणीगृहात आली तर तिच्यावर ‘नॉट इंग्लिश मेक’, म्हणजे इंग्रजी बनावटीची नाही, असे स्पष्ट ठोकले जाई. पट्टीवर लंडनचा पत्ता आणि खाली हा ठसा, अशी जोडी आढळली तर पट्टीवरच्या पत्त्याचा विचार सोडून द्यावा.

ठशांनंतर क्रमांक पाहावेत. नळ्यांवर, पेटीवर आणि नळीखालच्या लाकडाच्या लोखंडी भागावर, तिन्ही ठिकाणी एकच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे असायला हवेत. ते जुळत नसतील तर कधीकाळी एका बंदुकीच्या नळ्या दुसऱ्या बंदुकीच्या पेटीवर चढवल्या आहेत, आणि मग नळ्यांवरच्या ठशावरून पेटीतल्या भागांचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. परवान्यावर नोंदलेला क्रमांक यांपैकी कोणता आहे तेही याच वेळी ताडून पाहावे. फरक आढळला तर दुरुस्तीला देण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवणे हिताचे असते.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय बंदुकांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची बंदूक ठरावीक नमुन्याची असते. मुंगेर आणि जम्मूच्या परवानाधारक कारखान्यांच्या बंदुकांवर निर्मात्याचे नाव आणि गाव बहुधा प्रामाणिकपणे लिहिलेले असते. मात्र त्यांतले बरेचसे भाग हातघडणीचे असल्याने एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांतही ते अदलाबदल करून बसतीलच असे नाही.

भाग का बसत नाही

हाच मुद्दा जुन्या विलायती आणि बेल्जियन बंदुकांना अधिक लागू पडतो. बर्मिंगहॅमच्या बंदूक मोहल्ल्यात एक जण नळ्या घडवी, दुसरा खटक्याचे भाग कानशीने घडवी, तिसरा दस्ता बसवी, चौथा पेटीची आणि नळ्यांची जुळणी करी. लीजच्या परिसरातही घराघरांत अशीच कामाची वाटणी होती. प्रत्येक पिन, प्रत्येक कमान (स्प्रिंग) त्या एकाच बंदुकीत बसेपर्यंत घासलेली असे. म्हणून अगदी त्याच निर्मात्याची, त्याच वर्षाची पिन मिळाली तरी ती हातात घेऊन सरळ बसेल ही अपेक्षा ठेवू नये. योग्य नमुन्याचा आणि किंचित मोठ्या मापाचा भाग मिळवायचा आणि तो आपल्या बंदुकीपुरता घासून बसवायचा, हीच इथली रीत आहे.

नमुना ओळखण्यासाठी नावापेक्षा रचना पाहावी. बाहेर घोडे आहेत की आत? बाहेर घोडे असतील तर खटक्याची मुख्य कमान घोड्याच्या पुढे आहे की मागे, म्हणजे बाजूची पट्टी नळीच्या दिशेने लांब आहे की दस्त्याच्या दिशेने? घोडे आत असतील तर बाजूला सुटणाऱ्या पट्ट्यांवर खटका बसवलेला साइडलॉक आहे की सगळी यंत्रणा पेटीच्या पोटात असलेला बॉक्सलॉक? आपल्याकडच्या बहुतेक बिनघोड्याच्या दुनाळ्या १८७५ मध्ये अ‍ॅन्सन आणि डीली यांनी पेटंट घेतलेल्या बॉक्सलॉक रचनेवर आधारलेल्या आहेत. त्या मूळ रचनेत टोपीवर आदळणारे टोक हे आतल्या घोड्याचाच भाग असते, वेगळी पिन नसतेच. नंतरच्या काही बंदुकांत मात्र पिन स्वतंत्र असते आणि पेटीच्या तोंडावर तिच्याभोवती गोल चकती दिसते. हा फरक कळला नाही तर माणूस जी वस्तू मुळात नाही ती शोधत राहतो. आमच्या बंदुकीला चकत्या होत्या, पिना वेगळ्या होत्या, ठसा मुकुटासह ई.एल.जी.चा होता, सिंहाचा ठसाही होता, आणि पट्टीवर मुंबईतल्या एका बंद पडलेल्या दुकानाचे नाव होते.

बिघाड खरोखर कुठे असतो

टोपीवर उथळ खळगा पडतो तेव्हा सर्वांची नजर पिनेकडे जाते, पण कारणे अनेक असतात. सर्वांत साधे कारण घट्ट झालेले तेल. वर्षानुवर्षे खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल ओतत राहिल्याने पिनेच्या भोकात राळेसारखा थर बसतो आणि थंडीत घोड्याचा जोर तिथेच खर्ची पडतो. दुसरे कारण थकलेली किंवा तडा गेलेली कमान. दोन्ही बाजूंच्या घोड्यांच्या पडण्याच्या आवाजात आणि बंदूक मोडताना जाणवणाऱ्या जोरात फरक असेल तर तिचा संशय घ्यावा. तिसरे कारण झिजलेले टोक.

चौथे कारण सहसा कोणी पाहत नाही, आणि आमच्या बंदुकीचे तेच होते. शंभर वर्षे मोडून-मिटून नळ्यांचा आकडा, म्हणजे बिजागरीच्या खिळ्यावर अडकणारा त्यांच्या खालचा हूक, आणि तो खिळा झिजतो, आणि बंदूक मिटल्यावरही नळ्यांचे मागचे तोंड पेटीला पूर्ण चिकटत नाही. काडतूस तेवढे पुढे राहते, पिनेला जास्त अंतर तोडावे लागते आणि टोपीवर धक्का कमी बसतो. तपासणी सोपी आहे. रिकाम्या बंदुकीचे नळीखालचे लाकूड काढून ती मिटावी, एका हाताने दस्ता आणि दुसऱ्याने नळ्या धरून हलक्या हाताने हलवून पाहाव्यात. डगडग जाणवली तर झीज आहे. मग नळ्यांचे तोंड आणि पेटी यांमधल्या फटीकडे उजेडासमोर धरून पाहावे, आणि पतंगाच्या पातळ कागदाची चिंधी त्या फटीत धरून बंदूक मिटावी. कागद घट्ट पकडला गेला तर ठीक. सहज सरकून बाहेर आला तर पिन बदलून काहीही साधणार नाही. नळीखालचे लाकूड चढवले की ते नळ्यांना मागे रेटते आणि डगडग झाकली जाते, म्हणून ही तपासणी ते काढूनच करावी. वरची कळ कुठे थांबते हेही पाहावे. नवी असताना ती मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते. झिजलेल्या बंदुकीत ती मध्याच्या डावीकडे गेलेली दिसते.

पिन वारंवार का तुटत होती याचा उलगडाही इथेच झाला. फट वाढल्यामुळे धक्का कमी पडतो हे न ओळखता आधीच्या दोन दुरुस्त्यांत पिन मुद्दाम लांब ठेवली गेली होती. लांब टोक टोपीत खोल रुतते आणि बार झाल्यावर पूर्ण मागे येत नाही. मग बंदूक मोडताना नळ्या खाली झुकतात आणि टोपीत अडकलेले टोक आडवे ओढले जाते. दर खेपेला थोडे वाकते, आणि एके दिवशी तुटते. पुढचा चाप उजव्या नळीचा असल्याने आणि पहिला बार नेहमी तिचाच होत असल्याने त्रास तिलाच होता. त्यात भर घरातल्या सवयीची: बंदूक ठेवून देताना कमानी सैल राहाव्यात म्हणून रिकाम्या नळ्यांवर घोडे पाडले जात. टोपीचा आधार नसताना पडलेला घोडा पिनेच्या खांद्यावर आदळतो. असे करायचेच असेल तर त्यासाठी मिळणारी बिनदारूची, मागे स्प्रिंग असलेली खोटी काडतुसे वापरावीत.

बार झाला नाही तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बंदूक मोडावी, कारण कधी टोपी उशिरा पेटते. ते काडतूस पुन्हा घालून पाहण्याचा मोह टाळावा.

काडतुसाची लांबी

दुरुस्त बंदूक वापरण्याआधी हा प्रश्न सोडवलाच पाहिजे. तो भागांइतकाच ओळखीशी निगडित आहे. जुन्या विलायती आणि बेल्जियन बारा बोअर बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची अनेक काडतुसे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची असतात. गंमत अशी, की ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये सहज जाते आणि बंदूक मिटतेही, कारण खोक्यावरची लांबी बार झाल्यावर तोंड उघडलेल्या कवचाची असते. बार होताना ते तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. सैल झालेल्या जुन्या बिजागरीवर हा वाढीव दाब दर बाराला हातोड्यासारखा बसतो. म्हणून खडकीच्या कारखान्याची असोत वा दुसरी, काडतुसे घेताना खोक्यावरची लांबी वाचावी आणि चेंबरची लांबी कारागिराकडून मोजून घ्यावी.

नळ्यांवर धूरविरहित दारूच्या चाचणीचा ठसाच नसेल, किंवा नळ्यांच्या पृष्ठभागावर लोखंडाच्या वळ्या एकमेकींत गुंफल्यासारखी जोहराची नक्षी दिसत असेल, तर माझे मत ठाम आहे: तपासणी होईपर्यंत त्या बंदुकीत आजचे कोणतेही काडतूस घालू नये. अशा नळ्या बाहेरून कितीही चांगल्या दिसल्या तरी वळ्यांच्या सांध्यांत आतून गंज शिरलेला असू शकतो.

भाग शोधायचा की घडवायचा

लीजच्या निनावी बंदुकीसाठी मूळ भाग शोधण्यात मी आता वेळ घालवणार नाही. जुना तुटका भाग हाच सर्वांत मौल्यवान नमुना असतो. तो दोन तुकड्यांत असला तरी जपून ठेवावा. तुटलेला नसेल पण झिजलेला असेल तर दुसऱ्या नळीचा चांगला भाग कारागिराला दाखवावा, मात्र उजवा आणि डावा भाग बऱ्याचदा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात हे विसरू नये. पिन हा साधा गोल भाग असल्याने अनुभवी कारागीर ती नव्याने घडवू शकतो. व्ही आकाराची कमान अवघड. तिला योग्य पाणी देणारे हात थोडे उरले आहेत, आणि तिच्यासाठी त्याच रचनेच्या मोडीत गेलेल्या बंदुकीची कमान परवानाधारक दुकानदाराच्या साठ्यात शोधणे मला अधिक व्यवहार्य वाटते. वेब्ली अँड स्कॉटने घडवलेली बंदूक असल्याचे ठशांवरून आणि रचनेवरून सिद्ध झाले, तर हा शोध पुष्कळ सोपा होतो, कारण तो नमुना आपल्या देशात मोठ्या संख्येने आला होता.

परदेशातल्या नातेवाइकाला भाग पार्सलने पाठवायला सांगण्याची सूचना घरोघरी होते. ती मानू नये. सुटा भाग हे कायद्याने शस्त्रच असल्याने त्याच्या आयातीला परवाना लागतो, आणि पाठवणाऱ्यावरही त्याच्या देशाचे निर्यात निर्बंध असतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हाती तिथली जुनी बंदूक आली असेल, तर त्यांची परिस्थिती वेगळी आणि बरीच सुकर आहे. तिथेही नाव दुकानाचेच असते: सीअर्सच्या बंदुकांवर जे. सी. हिगिन्स किंवा रेंजर, माँटगोमेरी वॉर्डच्या बंदुकांवर वेस्टर्न फील्ड, वेस्टर्न ऑटोच्या बंदुकांवर रेव्हलेशन. परंतु त्या यंत्राने घडलेल्या असल्यामुळे मूळ कारखान्याचे मॉडेल सापडले की भाग बसतात. जे. सी. हिगिन्सच्या मॉडेल क्रमांकाची सुरुवात ५८३ ने होत असेल तर ती हाय स्टँडर्डची घडण. वेस्टर्न फील्डचे ५५० हे मॉडेल म्हणजे मॉसबर्गचे ५००. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक निनावी दुनाळ्या कनेटिकट राज्यातील नॉर्विचच्या क्रेसेंट कारखान्यात बनल्या. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याआधी तिथल्या सगळ्याच बंदुकांवर अनुक्रमांक नसे, म्हणून तो नाही याचा अर्थ तो खोडला आहे असा होत नाही. न्यूयॉर्क राज्यातील न्यूमरिच ही जुन्या भागांची पेढी दुकानी नावे आणि मूळ मॉडेले यांची जुळणीची यादी ठेवते. शोधाची सुरुवात तिथून करावी.

आमच्या बंदुकीचे पुढे काय झाले ते सांगतो. कारागिराने प्रथम नळ्यांच्या आकड्याची झीज भरून काढली आणि नळ्या पुन्हा पेटीला चिकटवल्या. त्यानंतर दोन्ही पिना सारख्या लांबीच्या नव्याने घडवल्या. बंदूक देताना त्याच्याकडून पावती घेतली आणि त्याच्या नोंदवहीतला क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला. जाताना मी सोबत एक कागद नेला होता, ज्यावर पट्टीवरचे नाव सर्वांत शेवटी आणि खालच्या खुणा सर्वांत आधी लिहिल्या होत्या: चाचणीगृह, ठशांवरून काढलेला काळ, तिन्ही ठिकाणचे क्रमांक, बॉक्सलॉक की साइडलॉक, पिन वेगळी की घोड्याचाच भाग, चेंबरची लांबी, कागदाच्या चिंधीच्या तपासणीचा निकाल, आणि आधीच्या दुरुस्त्यांत काय केले होते ते. त्याने तो वाचून एकच प्रश्न विचारला, की जुनी पिन कुठे आहे. ती आम्ही फेकून दिली होती, म्हणून त्याला डावीवरून माप घ्यावे लागले.

निवडणुकीच्या काळात बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात तेव्हा त्या कागदाची आणि ठशांच्या छायाचित्रांची एक प्रत मी जमा-पावतीसोबत ठेवतो, आणि बंदूक परत घेताना तिन्ही क्रमांक त्यावरून पाहून घेतो. गेले चार हंगाम वापरलेल्या काडतुसांची कवचे तपासली आहेत. दोन्ही नळ्यांच्या टोप्यांवरचा खळगा सारखाच खोल आणि गोल उमटतो आहे.